बहात्तरावा हिस्सा

माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. तो बहात्तर पटींनी मोठा केला तर पाच मिलिमीटरचा होतो. गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधतात ती दोरी साधारण तेवढी. आता हिशेब उलटा करा. जुन्या विमानात वैमानिकाच्या पायापासून शेपटीच्या सुकाणूपर्यंत पोलादी तार जायची. ती तीनएक मिलिमीटरची धरली आणि तिचा बहात्तरावा हिस्सा काढला, तर ती केसाहून बारीक होते. मला ती तार हवी असते. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की मी टेबलावरचा दिवा खाली ओढतो आणि केसाहून बारीक काय मिळेल याच्या मागे लागतो.

या उद्योगाला जगभर स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. करणारे नुसतं ‘स्क्रॅच’ म्हणतात. दुकानात विमानाच्या सुट्या भागांची पेटी मिळते, ती किट. किट जोडणं म्हणजे पाकिटातल्या पिठाचे गुलाबजाम. चांगले होतात, पाहुणे खूश होतात, मीही करतो. स्क्रॅच म्हणजे दूध आटवण्यापासून सुरुवात. प्लास्टिकचा कोरा ताव, थोडी तार, लाकडाचा एखादा ठोकळा आणि ज्या विमानाचं मॉडेल करायचं त्याचा आराखडा, एवढ्यावर बसायचं. चाकापासून दाराच्या मुठीपर्यंत सगळं हाताने.

बहात्तर हा आकडा कुठून आला, असं नवखा माणूस हमखास विचारतो. उत्तर फूट-इंचांत आहे. सहा फुटांत बहात्तर इंच, म्हणजे सहा फुटी माणूस मॉडेलमध्ये बरोबर एक इंचाचा. ब्रिटनमध्ये १९३२ साली ‘स्कायबर्ड्स’ नावाचे लाकडी विमानांचे संच बाजारात आले. त्यांची आखणी जेम्स हे स्टीव्हन्स यांची, आणि त्यांनी हे प्रमाण धरलं. चार वर्षांनी ‘फ्रॉग’ने त्याच प्रमाणात प्लास्टिकचे संच काढले. फ्रॉगची उडणारी खेळण्यातली विमानं आधीपासून होती. ही नवी विमानं उडायची नाहीत, म्हणून त्यांचं नाव ठेवलं ‘पेंग्विन’. कंपन्यांमध्ये असा विनोद करणारी माणसं हल्ली उरली आहेत की नाहीत कोण जाणे. ते प्लास्टिक मात्र सेल्युलोज ॲसिटेटचं होतं. वय झालं की ते पिळवटतं, आणि आज एखादा जुना पेंग्विन कुणाच्या संग्रहात दिसला तर त्याचे पंख उन्हात विसरलेल्या पापडासारखे वाकलेले असतात.

मग युद्ध आलं आणि खेळण्याला सरकारी काम लागलं. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख विमानं मागवली. पन्नास प्रकार, प्रत्येकाचे दहा हजार नग, प्रमाण तेच, एकास बहात्तर. मुलांनी ती लाकडातून कोरायची आणि काळी रंगवायची. तोफांवरच्या सैनिकांना आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे नुसत्या आकारावरून ओळखता यावं, हा हेतू. पस्तीस फुटांवर टांगलेलं मॉडेल म्हणजे अडीच हजार फुटांवरचं खरं विमान. गुणाकार साधा आहे. त्या काळ्या लाकडी विमानांना खिडक्या नव्हत्या, चाकं नव्हती, कसलाही तपशील नव्हता. पण त्या अंतरावरून ती खरी होती. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मॉडेल किती खरं हे ते कुठून बघायचं यावर ठरतं, आणि आमच्या धंद्यातली सगळी भांडणं शेवटी तिथेच येऊन थांबतात.

युद्धानंतर, १९५३ मध्ये, एअरफिक्स कंपनीचं स्पिटफायर विमानाचं किट आलं आणि किटांचा पूर आला. तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. पुरात लढाऊ विमानं पुष्कळ वाहत आली. टपाल नेणारी, पिकांवर फवारणारी, शिकाऊंना धडे देणारी, कुणा हौशी माणसाने परवडेल तशी विकत घेतलेली विमानं काठावरच राहिली. स्क्रॅचवाल्याचं प्रेम बहुधा या काठावरच्यांवर बसतं.

माझं बसलं पस मॉथवर.

डी हॅविलंड कंपनीचं हे विमान पहिल्यांदा उडालं सप्टेंबर १९२९ मध्ये. वर एकच पंख, त्याला खालून व्ही आकाराचे टेकू, बंद केबिन. उघड्या कॉकपिटमध्ये गॉगल आणि कातडी टोपी घालून तोंडावर वारा घेण्याचे ते दिवस. अशा वेळी टाय न विस्कटता बसता येईल असं विमान म्हणजे चैनच. वैमानिक पुढे, मागे एक किंवा दाटीवाटीने दोन. इंजिन जिप्सी थ्री, १२० अश्वशक्तीचं, चार सिलिंडरचं आणि उलटं बसवलेलं. सिलिंडर खाली लोंबते ठेवल्यामुळे नाकाचा उंचवटा कमी झाला आणि वैमानिकाला पुढचं नीट दिसू लागलं. पंख मागे दुमडून धडाला चिकटवता यायचे, म्हणजे मोटारीच्या गॅरेजमध्ये विमान मावायचं. एमी जॉन्सन अशाच विमानातून १९३१ मध्ये टोकियोला गेली, आणि पुढच्या वर्षी जिम मॉलिसनने अशाच विमानातून एकट्याने अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडला.

आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून असंच एक पस मॉथ घेऊन निघाले. नोंदणी क्रमांक व्हीटी-एडीएन. आत पंचवीस किलो टपाल. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतलं पेट्रोल भरलं आणि दुपारी ते जुहूला उतरले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी, दुसऱ्या पस मॉथमधून. जुहूला तेव्हा झावळ्यांनी शाकारलेली शेड आणि समुद्राकाठचं मैदान एवढाच थाट. पावसाळ्यात ते मैदान चिखलात जायचं, म्हणून चार महिने या टपालसेवेचं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं. मी पुण्यात राहतो, त्यामुळे हा तपशील वाचल्यावर त्या विमानाशी आपलं शेजारपणाचं नातं निघालं असं मी धरून चाललो. नातं जोडायला आपल्याला एवढं पुरतं.

कागदावर काम सोपं दिसतं. खऱ्या पस मॉथचे पंख टोकापासून टोकापर्यंत छत्तीस फूट नऊ इंच. बहात्तराने भागा, १५५.६ मिलिमीटर. लांबी पंचवीस फूट, म्हणजे १०५.८. अख्खं विमान तळहातावर बसतं, पंखांची टोकं तेवढी दोन्हीकडून बाहेर. पण या दोन आकड्यांच्या मध्ये हजार प्रश्न असतात, आणि त्यांतला एकही आकाराचा नसतो. सगळे माहितीचे.

पहिला प्रश्न: कोणत्या तारखेचं विमान? ऑक्टोबर १९३० पासून काही पस मॉथ उडता उडता हवेतच मोडली आणि माणसं गेली. खळाळत्या हवेत पुढचा टेकू दगा देतो, असं चौकशीअंती निघालं. त्यावर उपाय म्हणून पुढच्या टेकूच्या मध्यापासून मागच्या टेकूच्या मुळापर्यंत एक छोटा जोडटेकू बसवला गेला. मॉडेलमध्ये हा जोडटेकू म्हणजे काडेपेटीतल्या काडीहूनही कमी लांबी आणि जाड दोऱ्याएवढी जाडी. लावायला पाच मिनिटं लागतात. पण तो लावला की तुमचं विमान अपघातांच्या नंतरचं होतं, नाही लावला की आधीचं. त्या पाच मिनिटांच्या कामाआधी फोटो बघण्यात आठवडे जातात. विमानाचा प्रकार माहीत असून भागत नाही. ते एक विमान, त्या एका महिन्यात कसं होतं हे हवं असतं. सोयरीक जुळवताना घराण्याची चौकशी करून लोक थांबतात का? मुलगा बघावाच लागतो.

जुने फोटो तर साक्षीदार म्हणून फार वाईट. त्या काळातली बरीच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला तांबडा रंग दिसायचा नाही, निळा जरा जास्तच दिसायचा. त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळांत लाल ठिपका काळाकुट्ट येतो आणि भोवतीचं निळं कडं फिकट. ज्याला हे माहीत नाही तो भलतंच विमान रंगवून बसतो. रंगांचे वाद तर विचारू नका. त्याच महायुद्धात ब्रिटिश विमानांच्या कापडावर पीसी-१० नावाचा लेप असायचा. त्यात पिवळी माती आणि काजळी. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट छटा येते, हे रांगोळी भरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्यात प्रमाण जरा बदललं, माध्यम बदललं, ऊन लागलं, की तोच लेप तपकिरी. मग एक गट म्हणतो हिरवा, दुसरा म्हणतो तपकिरी, आणि साठ-सत्तर वर्षं दोघंही खरं बोलतात. माझ्या मॉथच्या रंगावरूनही मित्रांशी माझं वाजलं आहे. ते इथे नको.

छापील आराखड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. मासिकांतून येणारे आराखडे हौशी माणसांनी मोठ्या कष्टाने काढलेले असतात, पण एकाची चूक दुसऱ्याने गिरवायची परंपरा तिथेही आहे. त्यात झेरॉक्स एका दिशेने कागद किंचित ताणते. म्हणून आराखडा हाती आला की मी आधी पंखावर पट्टी ठेवतो. १५५.६ भरले नाहीत, तर त्या आराखड्याचं बाकी काही खरं मानायचं नाही.

कधी कधी मुंबईचे नातेवाईक मला तळपद्यांच्या विमानाचं मॉडेल कर म्हणतात. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, ही कथा आपल्याकडे प्रेमाने सांगितली जाते. त्या यंत्राचा मोजमापांसह आराखडा आपल्यापुढे नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाच्या नावाने जी चित्रं फिरतात ती पुढे विसाव्या शतकात बंगळूरला काढलेली, आणि ती यंत्रं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडला. मी नातेवाइकांशी या विषयावर वाद घालत नाही. फक्त विचारतो, बहात्तरावा हिस्सा कशाचा काढू?

आता प्रत्यक्ष काम. पूर्वी हे सगळं लाकडात चालायचं. लाकडाची अडचण अशी, की त्याचे रेषे रंगातून वर येतात, आणि बहात्तर पटींच्या जगात ते नांगरलेल्या शेतासारखे दिसतात. पॉलिस्टायरिनच्या तावाला रेषा नसते. पातीने ओरखडा काढून वाकवला की तो सरळ तुटतो, आणि द्रावणाने जोडला की सांधा राहतच नाही, दोन तुकड्यांचा एक होतो. हॅरी वुडमन या ब्रिटिश कारागिराने १९७५ मध्ये प्लास्टिकच्या तावांतून विमानांची मॉडेल्स कशी करावीत यावर पुस्तक लिहिलं आणि स्क्रॅचवाल्यांची एक पिढीच्या पिढी त्यावर पोसली गेली. पहिल्या महायुद्धातली विमानं हा त्यांचा खास प्रांत.

पंख करण्याची एक युक्ती मला अजूनही जादूसारखी वाटते. कापडी पंखाच्या आत आडव्या रिबा असतात, बरगड्यांसारख्या. वरून कापड ताणून बसवलं की प्रत्येक रिबेवर बारीक उंचवटा दिसतो आणि दोन रिबांच्या मध्ये कापड किंचित बसतं. हे मॉडेलमध्ये आणायचं कसं? पातळ तावाच्या आतल्या बाजूवर, तो दुमडण्याआधी, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा ओढायच्या. जोर जरा जास्त, हात स्थिर. बाहेरून बघितलं तर प्रत्येक रेघेचा पुसट उंचवटा उठलेला असतो. मग तो ताव बाटलीवर गुंडाळून चिकटपट्टीने बांधायचा आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. त्या वक्रतेत तो निवतो. संपलेले बॉलपेन घरातले लोक फेकतात तेव्हा माझा जीव तुटतो.

पस मॉथचं धड त्यामानाने गरीब आहे. सपाट बाजू, उदबत्तीच्या पुड्यासारखं खोकं. खरी परीक्षा नाकाशी, कारण इंजिनावरचं पत्र्याचं आवरण सगळीकडून गोलाई घेतं. तिथे लाकडाचा साचा कोरायचा. प्लायवुडमध्ये त्याच आकाराचं भोक पाडायचं, त्यावर प्लास्टिकचा तुकडा ठोकायचा आणि गॅसच्या शेगडीवर उंच धरायचा. तुकडा आधी आखडतो, लहरी उठतात, मग अचानक सैल पडून पोट सोडतो. तोच क्षण. शेगडीवरून काढून साच्यावर एकदम दाबायचा. सेकंदभर उशीर झाला तर भोक, लवकर झालं तर सुरकुती. माझ्या नाकाचं आवरण सातव्या वेळी जमलं. आधीच्या सहांची दुर्दशा पाहून बायको म्हणाली, ‘‘अहो, शेगडी चहाला लागणार आहे.’’

द्रावण आणायला मी अॅक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्यांकडे जातो. ते जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, तो पॉलिस्टायरिनलाही चालतो. खिडकी उघडी ठेवायची, बाटली लगेच बंद करायची आणि जास्त शूर व्हायचं नाही. दोन तुकडे एकमेकांना टेकवून सांध्यावर ब्रशचं ओलं टोक लावलं, की द्रव फटीतून आपोआप सरकत जातो. त्याचं ते सरकणं बघत बसण्यासारखं असतं. हत्यारं मात्र सराफांची. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात सोनारकामाच्या हत्यारांची दुकानं आहेत. बारीक चिमटे, कानस, अर्ध्या मिलिमीटरच्या आतले ड्रिल तिथे मिळतात. आणि जंतर. भोकांची चढती रांग असलेली ती पोलादी पट्टी. तार एकामागून एक लहान भोकातून ओढत न्यायची, दर वेळी ती बारीक आणि लांब होते. पहिल्यांदा घ्यायला गेलो तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘‘दागिना कोणता?’’

‘‘विमान,’’ मी म्हटलं.

‘‘सोन्याचं?’’

‘‘नाही काका, पितळी तार आणि प्लास्टिक.’’

त्यांनी जंतर पुन्हा कागदात गुंडाळायला घेतलं आणि किंमत दहा रुपयांनी कमी सांगितली. दयेपोटीच असणार.

सोनारांकडून आणखी एक गोष्ट शिकायला हवी होती, ती मी नुकसान होऊन शिकलो. आमचं घर जुनं आहे, फरशी मोझेकची. पांढरे, काळे, राखाडी, विटकरी तुकडे एकमेकांत मिसळलेले. दीड मिलिमीटरचा भाग चिमट्यातून निसटून त्या फरशीवर पडला की तो लपण्यासाठीच जन्माला आला होता असं वाटतं. इंधनाच्या टाकीचं झाकण मी तीनदा केलं. पहिली दोन अजून घरातच कुठेतरी आहेत. सोनार मांडीवर कापड घेऊन बसतो, कण खाली पडू देत नाही, आणि तरीही जे सांडतं ते धुऊन सोनं काढणारे झारेकरी पूर्वी दुकानांचा केर विकत न्यायचे. आता मी जुनी चादर टेबलाच्या कडेला चिकटवून दुसरं टोक कमरेला खोचतो. आमच्या केराला झारेकरी मिळणार नाही.

यानंतर येतो तो प्रश्न ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. सगळं मोजून, भागून, अचूक केलं तर मॉडेल खरं दिसतं का? नाही दिसत.

रंगाचंच बघा. ब्रशने दिलेला एक हात सहज अर्ध्या दशांश मिलिमीटरचा बसतो. बहात्तर पटींनी तो साडेतीन मिलिमीटरच्या पुढे जातो. खऱ्या विमानाला कुणी भिंतीच्या गिलाव्यासारखा रंग फासला असता तर तसा दिसला असता. म्हणून रंग फवारायचा, तोही धुक्यासारखा. पंखाची मागची कड किटात बहुतेक एक मिलिमीटर असते, म्हणजे खऱ्यात सात सेंटिमीटर, चार बोटं रुंद. ती घासून घासून कागदासारखी करायची. इथपर्यंत ठीक, इथे पातळ करणं म्हणजेच खरं करणं. पण रिबांवरच्या उंचवट्यांचं काय? खऱ्या पंखावर रिबेवरची कापडी पट्टी अर्धा-एक मिलिमीटर उंच असेल. तिचा बहात्तरावा हिस्सा काढला तर तो रंगाच्या थरात बुडून जातो, काही उरतच नाही. मोजमापाने खरा पंख म्हणजे गुळगुळीत पंख, आणि गुळगुळीत पंख पाहून कुणीही म्हणेल, हा तर पत्र्याचा. कापड वाटावं म्हणून उंचवटे वाढवावे लागतात. किती? डोळ्याला पटतील तितके. त्याहून पाव केस जास्त झाले तर विमान उपाशी जनावरासारखं दिसतं, सगळ्या फासळ्या बाहेर.

रंगाच्या छटेतही तेच. मॉडेल आपण फूटभरावरून बघतो. त्या हिशेबाने खरं विमान आपल्यापासून एकवीस-बावीस मीटरवर उभं आहे. एवढ्या हवेतून येताना रंग थोडा विटतो, काळा पूर्ण काळा राहत नाही, चकाकी मावळते. म्हणून खऱ्या विमानाच्या डब्यातला रंग जसाच्या तसा मॉडेलला दिला तर ते खेळणं वाटतं. रंगात पांढऱ्याचा अंश मिसळावा लागतो. त्याचं कोष्टक मांडणारे लोक आहेत, मी त्यांतला नाही. खिडकीच्या उजेडात धरून बघतो.

म्हणजे कुठे मोजमापाला धरायचं आणि कुठे सोडायचं याचा निवाडा प्रत्येक भागाशी वेगळा करावा लागतो. इंजिनाच्या आवरणाची फट: सोडा थोडी रुंद, नाहीतर दिसणार नाही. टेकूची जाडी: मोजमापाला धरा, कारण ती चुकली की विमानाचा तोल गेल्यासारखा वाटतो. आतल्या तारा: ज्या दिसतील त्याच. माझे एक ज्येष्ठ स्नेही बंद होणाऱ्या केबिनच्या आतही सगळं करतात, अगदी आसनाखालचे पट्टेसुद्धा. ‘‘दिसत नाही हो ते,’’ मी म्हटलं तर म्हणाले, ‘‘मला माहीत आहे ना ते तिथे आहे.’’ त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि त्यांचं म्हणणं मला पटत नाही. देवळाच्या शिखरावर माणसाची नजर पोहोचत नाही तिथेही शिल्प कोरणारा कारागीर देवासाठी कोरतो. आमच्या केबिनमध्ये देव राहत नाही.

तारांचा विषय निघाला म्हणून सांगतो, पस मॉथने मला त्या बाबतीत माफ केलं. त्याला बाहेरच्या ताणतारा जवळजवळ नाहीत. दोन पंखी जुन्या विमानांत पंखांच्या मध्ये तारांचं जाळं असतं, आणि तिथे भले भले हात टेकतात. किटातली प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर मऊ करून दोन्ही हातांनी ओढायची, की केसासारखा तंतू निघतो. हा जुना, फुकटातला उपाय. कुणी मासेमारीची नायलॉनची दोरी वापरतं, कुणी बारीक पोलादी तार. त्यात पुन्हा ब्रिटिश विमानांच्या तारा बऱ्याचदा गोल नसून चपट्या, माशाच्या आकाराच्या असायच्या, वाऱ्याला कमी अडवणाऱ्या. एका मॉडेलला अशा पन्नास-साठ तारा. भारतीय वायुदलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी ड्रिग रोडला उभी राहिली ती चार वेस्टलँड वापिटी विमानांवर, आणि वापिटी असंच तारांचं आहे. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक ठेवलं आहे. पुढचं तेच करावं असं मनात आहे. तारा मोजल्या की मनातलं जरा मागे सरतं.

अलीकडे तरुण मुलं येतात, संगणकावर भाग काढतात आणि रेझिनच्या प्रिंटरमधून छापून आणतात. हे स्क्रॅच आहे की नाही यावर जुनी मंडळी तावातावाने बोलतात. मला तरी तो वाद निरर्थक वाटतो. ज्या मुलाने जिप्सी इंजिनाचा प्रत्येक भाग स्वतः मोजून संगणकात काढला, त्याने माझ्याइतकंच काम केलं आहे, कदाचित जास्त. यंत्रही सगळं करत नाही. त्याचा एक थर पाच शतांश मिलिमीटरचा, म्हणजे पुन्हा तेच साडेतीन मिलिमीटर. गोलाईवर पायऱ्या दिसतात, त्या घासाव्याच लागतात. आणि रिबांचे उंचवटे किती वाढवायचे, हे त्या मुलालाही बॉलपेनवाल्यासारखंच डोळ्याने ठरवावं लागतं.

माझं पस मॉथ पूर्ण व्हायला दोन पावसाळे लागले. पावसाळे म्हणतो कारण त्या चार महिन्यांत रंगकाम बंद ठेवावं लागतं. दमट हवेत लॅकरवर पांढुरकं सावट येतं आणि सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. टाटांची विमानं पावसाळ्यात पुण्याला यायची, माझं एक पुण्यात असून पावसाळ्यात डब्यात जायचं.

शेवटचा निवाडा चाकांच्या पायांशी होता. पस मॉथचे पाय लांब आणि त्यांच्यावर पातळ पट्टीसारखं आवरण, वाऱ्याच्या रोखाने कडेवर उभं, म्हणजे उडताना हवा अडत नाही. पण हे विमान इतकं सुळसुळीत होतं की उतरताना जमिनीवर टेकायलाच मागायचं नाही, तरंगत पुढे जायचं. म्हणून डी हॅविलंडने ते आवरण नव्वद अंशांत फिरवता येईल अशी सोय केली. वैमानिकाने आत कळ ओढली की दोन्ही पट्ट्या वाऱ्याला आडव्या होतात आणि वेग मारतात. बहुतेक मॉडेल्समध्ये त्या सरळ असतात. आराखड्यांत तशाच काढलेल्या असतात.

मी त्या आडव्या लावल्या आहेत. दोन्ही, अडीच सेंटिमीटरच्याही आतल्या. केबिनचं दार अर्धं उघडं ठेवलं आहे. मागच्या आसनावर एम-सीलच्या दोन टपालाच्या पिशव्या आहेत, सहा-सहा मिलिमीटरच्या, तोंडाला दोरा बांधलेल्या. वैमानिक आत नाही. तो नुकताच खाली उतरला आहे, आणि पट्ट्या सरळ करायच्या राहून गेल्या आहेत.